महिन्याची यादी आता कुठे जाते?

वाचकहो, गेल्या अंकात मी आमच्या साताऱ्यातल्या किराणा दुकानाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. आजोबांनी सुरू केलेलं, बाबांनी पुढे चालवलेलं आणि २०११ साली आम्हीच आमच्या हातानं बंद केलेलं दुकान, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच द्यावं असं ठरलं. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, पण जी पत्रं वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले ती आधी घेते.

ठाण्याहून एक वाचक लिहितात: आमच्या बिल्डिंगखाली चाळीसेक वर्षं एक किराणा दुकान होतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा दुकानदार काका म्हणाले मी काही परत येणार नाही, पैसे घेऊन गावाला जातो. माझी आई ७१ वर्षांची आहे, ती दोनचार दिवस नीट जेवलीसुद्धा नाही. मी म्हटलं अगं मोबाईलवर दहा मिनिटांत सगळं घरी येतं, तर काहीच बोलली नाही. हे नुसतं जुन्या आठवणींत रमणं आहे की खरंच काही गेलंय?

दादा, खरंच गेलंय. मी ते गल्ल्याच्या मागच्या बाजूनं बघितलंय म्हणून सांगते.

आमच्याकडे दर महिन्याच्या एक ते सात तारखेला याद्या यायच्या. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, शाळेच्या वहीच्या कागदावर, कधी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या. पोरं आणून द्यायची आणि दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा बाबा त्या सगळ्या मांडून वाचत बसायचे, आणि यादी वाचून त्यांना घर कळायचं हो. यादीत अचानक डिंक, अळीव, खारीक, सुंठ आली की त्या घरी बाळंतीण आलीय. साखर तीन किलोची एक किलो झाली की कुणालातरी डॉक्टरांनी मधुमेह सांगितलाय. चहा पावडर वाढली आणि बाकी सगळं कमी झालं की घरातला कर्ता माणूस कामावरून घरी बसलाय आणि लोक भेटायला येतायत. अक्षर बदललं तर बाबा आईला हळूच सांगायचे की जरा जाऊन ये त्यांच्याकडे, वहिनींना बरं नसेल. आणि हे कधी दुकानात चारचौघांसमोर बोलायचं नाही हा आमच्या घरचा कडक नियम, मला एकदा त्यावरून मार बसलाय.

मग माल द्यायचा तोही माणूस बघून. गूळ कराडचा, हळद सांगलीची, मिरची संकेश्वरी, ज्वारी बार्शीकडची, तूरडाळ लातूरची, पण एकाच डाळीचे दोनतीन प्रकार असायचे आणि कुणाला कुठली द्यायची ते बाबांच्या डोक्यात असायचं. एका आजींच्या वाड्यात विहिरीचं पाणी जड होतं, त्यात डाळ शिजायची नाही, तर त्यांच्यासाठी लवकर शिजणारी डाळ वेगळी काढून ठेवलेली. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, एकदा फक्त म्हणाल्या होत्या की यावेळची डाळ कच्चीच राहतेय. नवा तांदूळ कुणाला चालतो, कुणाला जुनाच लागतो, कुणाच्या घरी पाहुणे आले की बासमतीचा एक किलो जास्त टाकायचा आणि नको असला तर परत घ्यायचा. तुमच्या आईंची चाळीस वर्षांची अशी सगळी माहिती त्या काकांच्या डोक्यात होती आणि ती गावाला निघून गेली. त्यांना वाईट वाटणारच.

आता दुकानं बंद का पडतात त्याबद्दल. गिऱ्हाईक तुटतं म्हणून बंद पडतात असं सगळे म्हणतात पण मी बघितलं ते थोडं वेगळं होतं. आमचं गिऱ्हाईक शेवटपर्यंत येत होतं. बाबा म्हणायचे, माणसं तीच येतायत पण यादी येत नाही. महिन्याचं सामान लोक रविवारी स्कूटरवर, नंतर गाडीतून मोठ्या दुकानातून आणायला लागले आणि आमच्याकडे काय उरलं, तर ब्रेड, कोथिंबीर, पाच रुपयांचं शाम्पूचं पाऊच, लाईट गेल्यावर मेणबत्ती, पाहुणे दारात असताना अर्धा किलो साखर. हे सगळं विकून दिवसभर गर्दी दिसते पण गल्ल्यात काही राहत नाही. पाकिटबंद मालाची किंमत कंपनीनं छापलेली, त्यात दुकानदाराचा वाटा ठरलेला आणि तो फार थोडा. दुकान जगायचं ते सुट्या मालावर, डाळ, तांदूळ, शेंगदाणे, मसाले, जे दुकानदार स्वतः बाजारात जाऊन हातात घेऊन निवडतो, गोणी फोडून साफ करतो, त्याच्या त्या निवडीचे पैसे त्याला मिळतात. आणि हाच सगळा माल महिन्याच्या यादीत असतो. यादी गेली की दुकानाचा कणाच गेला, मग ते दोन वर्षं टिको नाहीतर पाच.

मोठ्या दुकानांना मी दोष देत नाही कारण त्यांचं गणितच वेगळं आहे. २००२ साली पवईत डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं. त्यांची पद्धत अशी की जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची म्हणजे भाड्याची कटकट नाही, आणि माल पुरवणाऱ्याला पैसे लवकर द्यायचे म्हणजे तो दर कमी लावतो. आमचे बाबा भाड्याच्या जागेत, आणि होलसेलवाल्याला पैसे कधी द्यायचे, तर गिऱ्हाइकांची उधारी वसूल झाली की. म्हणजे गिऱ्हाइकाला महिनाभर पैसे न मागता माल देणं हेच आमचं मोठेपण होतं आणि त्यामुळेच आम्हाला माल महाग पडायचा. हे मला फार उशिरा कळलं.

आईंसाठी एक सुचवते. त्या काकांचा गावचा नंबर घ्या आणि दोघांना फोनवर बोलू द्या, हलव्याला रवा कुठला घ्यायचा हे आई त्यांना अजून विचारतील आणि ते सांगतील. आणि जवळपास दुसरं छोटं दुकान असेल तर ॲपवरची वरवरची खरेदी तशीच ठेवा, पण महिन्याची यादी त्या दुकानात द्या, आईंच्या हातानं लिहिलेली. दोनचार महिने जाऊ द्यावे लागतील, त्याला तुमचं घर कळायला वेळ लागतो.

बारामतीहून एक वाचक: आजीच्या वहीत अनारशांचं प्रमाण "एक चिपटं तांदूळ" असं लिहिलंय आणि दुसऱ्या पानावर "निळवंभर" काहीतरी. हे म्हणजे किती?

ताई, ही धान्य मोजायची मापं आहेत, वजन नाही. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. म्हणजे चिपटं हे पाव शेर आणि निळवं हे शेराचा सोळावा भाग. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशोबात साधारण ९३३ ग्रॅम, पण मापाचा शेर गावोगाव थोडा कमीजास्त असायचा म्हणून ग्रॅममध्ये अडकू नका. एक वाटी घ्या, तिला चिपटं म्हणा, आणि बाकी सगळं त्याच वाटीच्या हिशोबात घ्या, अनारसे होतील. आपल्याकडे १९५६ चा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले, त्याआधी १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले होते. आजोबा सांगायचे की ती काही वर्षं गिऱ्हाईक शेरात मागायचं, ते किलोत तोलायचे, आणि पैसे आण्यात सांगून नव्या पैशात घ्यायचे आणि रोज रात्री डोकं धरून बसायचे. मापटी-चिपटी पितळेची असायची, आजीची कुठे माळ्यावर असतील तर बघा, मोडीत घालू नका.

कोल्हापूरहून एक शिक्षिका: तुम्ही दुकानाबद्दल लिहिलंत ते छान होतं पण मला पटलं नाही. आमच्या लहानपणी वाण्याचं दुकान म्हणजे काट्यात मारणं, डाळीत खडे, आणि उधारीवर असलेल्या माणसाला सगळ्यांसमोर बोलणं. बायकांना तर काही गोष्टी मागायची सुद्धा लाज. मी पहिल्यांदा सुपरमार्केटमध्ये गेले आणि स्वतः हातानं वस्तू उचलली, कुणी विचारलं नाही की कशाला हवंय, तेव्हा मला मोकळं वाटलं होतं. ते तुम्ही लिहिलंच नाही.

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं.

काट्यात मारणारे होते. वजनमापे खात्याचा माणूस शिक्के तपासायला येणार म्हटलं की बाजारात एक लगबग सुरू व्हायची, तिचा अर्थ मला लहानपणी कळायचा नाही, नंतर कळला. टंचाईत साठेबाजी करणारे होते. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांचा राग सरकारवर होता तसा साठा दाबून बसणाऱ्या व्यापाऱ्यांवरही होता आणि तो योग्यच होता. मुंबईत १९४८ साली नायगावात कामगारांनी अपना बाजार काढला, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि लोकांनी गट करून महिन्याचं सामान एकत्र मागवून आपापसात वाटून घ्यायला सुरुवात केली, ते वाण्यावर विश्वास नव्हता म्हणूनच ना. आणि मला ते फार मोलाचं वाटतं, कारण त्यात यादीही राहिली आणि शेजारही राहिला.

बायकांचं म्हणता ते तर मी गल्ल्यावर बसून बघितलंय. सॅनिटरी पॅड मागायचं असलं की बाई दुकानाबाहेर थांबून राहायची, पुरुष गिऱ्हाईक गेलं की आत यायची, आणि बाबा मान खाली घालून पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी घालून द्यायचे जणू काही चोरीचा माल आहे. रविवारी मी बसायला लागले तसं मी तो पेपर बंद केला आणि पॅकेट समोरच्या फळीवर मांडलं, बाबा काही बोलले नाहीत पण आठ दिवस माझ्याकडे नीट बघत नव्हते. मात्र त्यानंतर शेजारच्या आळीतल्या मुली मुद्दाम रविवारी यायच्या. कागदाच्या पुड्यांचंही तसंच, मला अजून तो छताला टांगलेला दोऱ्याचा गुंडा आठवतो, पण वर्तमानपत्रात खायचं काही बांधायला आता अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे आणि ती बरोबर आहे, छपाईची शाई पोटात जाते.

उधारीचा अपमान मात्र, ताई, आमच्या दुकानात झालेला नाही हे मी छातीठोक सांगते, पण दुसरीकडे व्हायचा हे मला माहीत आहे. आणि आमच्याकडे सुद्धा उधारी कुणाला मिळायची, तर ज्यांना बाबा ओळखायचे त्यांना. गावात नवीन आलेल्या माणसाला, पालावर राहणाऱ्याला "आज रोख उद्या उधार" ची पाटी दाखवली जायची. तुम्हाला जे मोकळं वाटलं ते याचसाठी, की तिथे कुणी ओळखत नाही म्हणून कुणी अडवतही नाही.

जळगाव जिल्ह्यातून एक वाचक: मी पुण्यात आयटीत आहे. वडील ६६ वर्षांचे, तालुक्याच्या गावी जनरल स्टोअर आहे, मुख्य रस्त्यावर जुन्या भाड्याच्या जागेत. धंदा निम्म्यावर आलाय. मी म्हणतो बंद करा आणि माझ्याकडे या. ते ऐकत नाहीत. धाकटी बहीण बीकॉम झालीय, संध्याकाळी दुकानात बसते, पण ती काय आज ना उद्या लग्न करून जाईल. मी काय करू?

दादा, तुमच्या पत्रात उत्तर तुम्हीच लिहिलंय आणि पुढच्याच वाक्यात ते खोडलंय.

तुमच्या बहिणीला विचारलंत का? दुकान तिला हवंय का, हे? माझं सांगते. मी बारा वर्षांची असल्यापासून रविवारी गल्ल्यावर बसायचे, कॉलेजात असताना पूर्ण सुट्टीभर बसायचे, माल कधी भरायचा, कुठला होलसेलवाला कुठे लबाडी करतो, कुणाची उधारी किती थकलीय हे मला भावापेक्षा जास्त माहीत होतं. भाऊ नोकरीला बाहेर गेला. मग घरात दोन वर्षं चर्चा चालली की आता दुकानाचं काय, आत्या आल्या, काका आले, भावाला फोन झाले, तो म्हणाला मला जमणार नाही, आणि मग सगळ्यांनी ठरवलं की बंद करू. त्या दोन वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही. बाबांनी सुद्धा नाही, आणि ते माझ्यावर जीव टाकायचे. मी पण बोलले नाही, कारण मुलीनं दुकान मागायचं असतं हे माझ्याच डोक्यात आलं नाही. आज मी हे सदर लिहिते, मला काही कमी नाही, पण ते दुकान मी चालवलं असतं. चाललं असतं की नाही माहीत नाही, पण चालवलं असतं.

तर आधी तिला विचारा, आणि वडिलांसमोर विचारा.

ती हो म्हणाली तर पुढचं बोलू. पहिली गोष्ट जागेची. जुनी भाडेपट्टीची जागा असेल तर कागद बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्यात जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे आणि भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. पावत्या वडिलांच्या नावावर आहेत की आजोबांच्या, ते बघा, बहीण त्याच दुकानात काम करतेय याचा कागदोपत्री पुरावा आजपासून तयार करा आणि एकदा चांगल्या वकिलाला दाखवा. मालक इमारत पाडून नवीन बांधू म्हणाला तर रस्त्याच्या बाजूला, तळमजल्यावर, इतके चौरस फूट, असं नोंदणीकृत करारात लिहून घेतल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. आमच्या मालकानं बाबांना तोंडी शब्द दिला होता की मागे जागा देतो, बाबा शब्दावर राहिले, आणि मागे म्हणजे पार्किंगच्या आड, जिथे माणूस चुकून सुद्धा जाणार नाही. दुकान बंद करायला ते शेवटचं कारण झालं.

दुसरं, हिशोब. तुमच्या बहिणीनं बीकॉम केलंय ते कामी येईल. नुसता मालाचा धंदा असेल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यावर गेली तर दीड कोटींपर्यंत कंपोझिशन योजना आहे, त्यात उलाढालीवर १ टक्का भरायचा आणि सुटसुटीत हिशोब ठेवायचा. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा आमच्या बाजारातल्या कित्येक म्हाताऱ्या दुकानदारांनी नुसत्या घाबरून दुकानं आवरली, आदल्या नोव्हेंबरात नोटाबंदीत एकदा हबकलेलेच होते. ज्यांच्या घरात एखादं शिकलेलं पोर शेजारी बसलं ते तरले.

तिसरं, दुकानात काय विकायचं आणि काय नाही हे वडिलांबरोबर नव्यानं बसून ठरवा. जे मोबाईलवर स्वस्त मिळतं ते भरून ठेवण्यात पैसे अडकवू नका. तालुक्याच्या गावाला काय लागतं ते बघा, शाळेचं, शिवणकामाचं, पूजेचं, बाळंतिणीचं, शेतातल्या माणसाला संध्याकाळी अचानक लागतं ते. जे हातात घेऊन बघावं लागतं, जे बदलून मागावं लागतं, ज्यात "काकू हे घ्या, ते तुमच्या मशीनला बसणार नाही" असं सांगणारं माणूस लागतं, ते अजून दुकानातच घेतलं जातं. लॉकडाऊनमध्ये २०२० साली सगळं बंद असताना किराणावाले व्हॉट्सॲपवर याद्या घेऊन घरोघरी माल पोचवत होते, ती सवय ज्यांनी पुढे टिकवली त्यांचं बरं चाललंय असं मी आसपास बघते. तुमच्या बहिणीला हे मी सांगायची गरज नसेल.

आणि ती नाही म्हणाली तर? तर बंद करा, पण वडिलांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या वेगानं. दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्यांचं वर्ष बदलतं, लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते, त्यांना शेवटचं एक वर्ष पूर्ण करू द्या, मार्चअखेर वगैरे तुमच्या सोयीनं नको. आणि उधारीबद्दल मनाची तयारी ठेवा. आमच्या बाबांना वाटलं होतं की दुकान बंद होतंय कळल्यावर लोक आपणहून येऊन देतील. तिघं आले. त्यातली एक भांडी घासणारी मावशी होती, तिची उधारी सगळ्यात कमी होती. बाबांनी बाकीच्या कुणाचं नाव कधी काढलं नाही, पण बाजारातून जाताना काही गल्ल्या ते टाळायचे, समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून.

मुंबईहून एक वाचक: फोर्टमधलं स्ट्रँड हे पुस्तकांचं दुकान बंद झालं तेव्हा मी हळहळलो होतो, काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान गेलं तेव्हा पण. पण खरं सांगायचं तर शेवटची काही वर्षं मी पुस्तकं ऑनलाईनच घेत होतो. मला हळहळायचा हक्क आहे का?

आहे. स्ट्रँडची गोष्ट तर मला फार आवडते, टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड थिएटरात छोट्याशा कोपऱ्यात पुस्तकं मांडली, तिथून फोर्टात दुकान केलं, सवलतीनं पुस्तकं दिली म्हणून पगारदार माणसाला इंग्रजी पुस्तक विकत घेणं परवडायला लागलं, २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे पुस्तकविक्या माणसाला पद्मश्री, केवढी आनंदाची गोष्ट. २०१८ मध्ये ते बंद झालं. ऱ्हिदम हाऊस २०१६ ला, पुण्यात कॅम्पातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान त्याच्याही आधी २०१२ ला. स्वस्त पुस्तक देणं ही स्ट्रँडची ताकद होती आणि तीच ऑनलाईनवाल्यांनी घेतली, त्यात तुमचा एकट्याचा गुन्हा नाही.

पण मला तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही ऑनलाईन जी पुस्तकं घेतली ती तुम्हाला आधीच माहीत असलेली होती ना? मला आठवतंय, पुण्यात अप्पा बळवंत चौकात मी एक क्रमिक पुस्तक घ्यायला गेले होते आणि काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडे बघून एक पातळसं कवितांचं पुस्तक पुढे सरकवलं, नुसतं "हे बघा" म्हणाले. मी कविता वाचत नव्हते तोवर. अजून असे काका आहेत. पुढचं पुस्तक, ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही ते, तिथून घ्या.

नाशिकहून एका वाचकाचा छोटा प्रश्न: बरणीतली रावळगाव चॉकलेटं आठवतात का? अजून मिळतात?

आठवतात म्हणजे काय! आमच्या काउंटरवर काचेच्या सहा बरण्या होत्या आणि त्यातली दुसरी रावळगावची. तुमच्याच जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं रावळगाव, वालचंद हिराचंद यांनी तिथे साखर कारखाना काढला, मग त्याच साखरेची चॉकलेटं, गोळ्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही सगळी त्यांचीच. २०२४ मध्ये ही गोळ्या-चॉकलेटची नावं रिलायन्सनं २७ कोटी रुपयांना विकत घेतली. बरणीत हात घालून मोजून देणारं दुकान सापडलं तर मला नक्की कळवा, मी येईन.

आणि पत्ता न लिहिलेलं एक पत्र: दुकान बंद केलंत तेव्हा काय काय जपून ठेवलंत?

तराजू भावाकडे आहे. वह्या, त्या लाल कापडी बांधणीच्या लांबलचक, आजोबांच्या काळातल्या काही मोडी लिपीत आहेत, त्या मी ठेवल्यात. कुणाच्या घरी अशा असतील तर रद्दीत देऊ नका, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद जपतंय, निदान विचारून तरी बघा. कुणी कुठल्या साली किती ज्वारी नेली यातूनसुद्धा गाव कळतं.

पण माझ्यासाठी सगळ्यात जवळच्या म्हणजे दुकानाच्या फळ्या. आमच्याकडे शटर नव्हतं, सागवानी उभ्या फळ्या होत्या, नऊ, प्रत्येकीवर आजोबांनी पांढऱ्या रंगात आकडा घातलेला. खाचेत एकेक सरकवत लावायच्या, आणि सकाळी उलट्या क्रमानं काढायच्या. पाच नंबरची पावसाळ्यात फुगायची, तिला खालून गुडघा देऊन जरा डावीकडे कलती केली की बसायची, जोर लावला तर बसायची नाही. हे बाबांनी मला शिकवलं, भावाला ते कधी जमलं नाही. जागा सोडली त्या दिवशी फळ्या मी टेम्पोत घालून घरी आणल्या. सुतारानं त्यांचं माझ्या पुस्तकांचं कपाट करून दिलं, रंधा मारू दिला नाही मी, आकडे तसेच आहेत. पाच नंबरची मधल्या कप्प्याला आहे आणि जुलै आला की ती अजून फुगते.